थोरल्याचा दाखला

गल्लीत अण्णांना सगळे ‘शतकवीर’ म्हणत. दाखल्याप्रमाणे वय एकशे चौदा. तोंडात दात नाही, पण कान शाबूत. त्यांची एकुलती एक मुलगी साठीची. पुढच्या खोलीत शिवणाचं मशीन टाकून बसायची, म्हणून सगळ्यांची शिवणताई.

अडतिसाव्या वर्षी तिला शाळेतल्या एका विधुर मास्तरांनी मागणी घातली होती. ती हो म्हणणार, तोच अण्णांनी ट्रंकेतून जन्माचा दाखला काढला.

“ब्याण्णव पूर्ण झाली, बाळ. मी पिकलं पान. दोन वर्षं कळ काढ, मग खुशाल जा.”

मास्तर तीन वर्षं थांबले. मग दुसरीकडे लग्न करून बदलीच्या गावी निघून गेले. पान काही गळलं नाही. शंभरी झाली, हार आले, फोटोवाले आले. दर वर्षी ताईला वाटे, हे शेवटचं. आणि तसं वाटलं की स्वतःचीच लाज वाटे.

आज नोंदणी कचेरीतला कारकून आला. एवढ्या वयाची खातरजमा करा, असं त्याला वरून पत्र होतं.

“ताई, रागावू नका,” जुन्या नोंदींच्या नकला मशीनवर पसरत तो म्हणाला. “दाखला खरा आहे, पण यांचा नाही. याच आईबापांचं याच नावाचं मूल तीन महिन्यांचं होऊन गेलं. मृत्यूच्या वहीत आहे. एकवीस वर्षांनी शेंडेफळ झालं, त्याला थोरल्याचंच नाव ठेवलं. अशा वयांच्या मागे पुष्कळदा असंच काही निघतं.”

“म्हणजे अण्णा...”

“त्र्याण्णव.”

म्हणजे मास्तरांच्या वेळी एकाहत्तर. तेव्हा ते रोज सकाळी पुलापर्यंत चालून येत.

कारकून गेल्यावर ती पलंगापाशी गेली. “अण्णा, तुम्हाला थोरल्याचं ठाऊक होतं?”

“आई सांगायची.”

“मग तो दाखला मला का दाखवलात?”

“तू गेली असतीस तर मला पेलाभर पाणी कोणी दिलं असतं?”

“मीच! मास्तरांचं घर दोन गल्ल्या सोडून तर होतं!”

अण्णा हळूच म्हणाले, “कोणाला सांगू नकोस. हसतील.”

“हसेनात का! तुमचं काय जातंय? सात वर्षांनी पुन्हा शंभरी करा.”

टोमणा होता तो. पण अण्णांचा चेहरा उजळला. “होईल का गं?” म्हणत त्यांनी मनगट पुढे केलं. “नाडी बघ की जरा.”

सवयीने तिची बोटं मनगटावर गेली. ठोके ठसठशीत, एकसारखे पडत होते. तिने पुन्हा मोजले.

“होईल,” ती म्हणाली.

तेव्हा तिला सदुसष्टावं लागणार होतं.