फोड बांगड्या, मग सही

"फोड त्या बांगड्या. मग सहीचं बघू."

रावसाहेब ओसरीवर आरामखुर्चीत. मी खाली अंगणात, उन्हात. त्याला माझा हात धरता येईना, विटाळ होतो ना! मग माझाच हात मला पायरीवर आपटायला लावला. त्याची सून दारात उभी राहून बघत होती. मी आपटला. हिरव्या काचा मनगटात घुसल्या. रगात पायरीवर सांडलं, तर म्हणतो कसा, "पुसून जा ते."

नवरा माझा गोऱ्या सायबाच्या लढाईत, दर्यापार बसऱ्याला मेला. त्याची पेन्शन मला मिळायची. पण बाई जित्ती हाय आन तिनं पाट लावून दुसरा नवरा केला न्हाय, अशी कुणा अब्रूदार माणसानं वर्साला सही करायची, तरच. अब्रूदार म्हंजी हा रावसाहेब, पेन्शनीत निघालेला मामलेदार.

बांगड्यांचं म्हणाल, तर धाकट्या भावाचं लगीन होतं. कासार दारात आलेला, समद्या बाया चुडा भरत होत्या. थोरली भावजय म्हणाली, "वन्सं, आज तरी भरा की." मायेनं हात ओढला माझा. मला मोह झाला. झाला, मग? सहीला जाताना काढायचं ध्यानात राहिलं न्हाय, एवढंच.

चुडा फुटला. पदरानं पायरी पुसली. तरी सही न्हाईच.

"मिलमध्ये मजुरी घेतेस ना? मग पेन्शन कशाला हवी? दोन्हीकडून ओरपतेस? एक काहीतरी सोड."

मी पाया पडले. लांबूनच. माझी काशी शाळेत जात होती. पेन्शन होती म्हून जात होती. मिलच्या मजुरीत पोटच भरत न्हाय, तितं शाळा कुठली! पेन्शन बुडाली की पोरगीबी माझ्यासंगं मिलमधी सूत गुंडाळत उभी, छातीत कापूस भरून घेत. "रावसाहेब, पोरीसाठी," म्हणाले. त्यानं पेपर तोंडापुढं धरला.

नव्या पेठेतनं घरला निघाले. मनगट पदरात गुंडाळलेलं. डोक्यात नुसता भुंगा. आन चालता चालता पायच थांबले. अगं बया, हा मेला तरी काय करतो? सरकारची पेन्शन खातो, आन आमच्याच मिलच्या हापिसात खुर्चीवर बसून पगारबी खातो! त्याचा तो मान, आन माझं ते ओरपणं व्हय? भर पेठेत हसू फुटलं मला. माणसं बघायला लागली. रडणं तितंच संपलं माझं.

पेन्शनच्या दिवशी कचेरीत गेले. आवारात आमी समदे मातीत बसलेलो. लढाईतनं आलेले लंगडे, थोटे, आमी रांडमुंड बाया. रावसाहेबबी आपली पेन्शन घ्यायला आलेला, त्याला खुर्ची. कारकुनानं मला इचारलं, "सही कुठाय?"

मी उठले. मनगट वर केलं.

"ह्यांनी माझा चुडा माझ्याच हातानं फोडायला लावला, आन सही दिली न्हाय. का? तर मी पेन्शन घेऊन मिलमधी कामाला जाते. रावसाहेब, तुमी कुटं जाता हो कामाला?"

समदं आवार हसलं. त्याचं तोंड भाजलेल्या वांग्यागत झालं. "माजलीस!" म्हणून वरडला. तितं एक म्हातारे मुसलमान सुभेदार होते. पेन्शन घेऊन आमच्या मिलच्या फाटकावर पहारा करायचे. त्यांचंबी काम गेलं असतं, तरी काठी टेकत उठले. "बाई जिंदी है, सामने खडी है. अकेली रहती. और क्या होना तुमकू?" आन सही ठोकली. सुभेदाराची सही कारकुनाला नाकारता येईना.

पेन्शन मिळाली. दुसऱ्या दिवशी मिलचं फाटक मला बंद. मग मुकादम निरोप घेऊन आला, "रावसाहेबाच्या पाया पड. झालं गेलं ते विसरतील."

"ते विसरतील. मी न्हाय विसरणार. जाऊन सांग."

आता बिड्या वळते. पेन्शन घेते आन बिड्याबी वळते. काशी शाळेत हाय.

रावसाहेब तवापासनं कचेरीत येत न्हाय. सोता न येणाऱ्यानं दर महिन्याला हयात असल्याची चिठ्ठी द्यायची, ती गड्यासंगं धाडतो. गडी आला की मी आवाराच्या मधी उभी राहते आन वरडते, "रावसाहेब खरंच जित्ते हाईत का? कुणी बघितलंय? आणा की हितं, उन्हात!" आधी एकटीच वरडायची. आता थोटेबी वरडतात. कारकून पट्टेवाल्याला बोलावतो. बोलावू दे.

तो मरावा असं मला मुळीच वाटत न्हाय. लई जगू दे त्याला. दर महिन्याला मी त्याला भर आवारात मेलेला धरणार. जित्ता असंल, तर त्यानं हितं यावं आन माझ्यापुढं उभं राहून दाखवावं.