पाटावर बसण्यापुरती गोळी

नोकरीनं मला दोन गोष्टी दिल्या, दुखरी कंबर आणि संशयी नाक. होळकरांच्या अबकारी खात्यात गोदामात बसून मी तीस वर्षं अफू तोलून घेतली. मग संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, मी घरी बसलो, आणि कंबरेतून डाव्या पायात अशी कळ उतरायला लागली की पाटावरून मला उठवायला दोन माणसं लागायची.

त्यातच एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरलं. कन्यादानाला तासभर मांडी घालून बसायचं कसं? "दादा, तुम्ही आरामात खुर्चीवर बसा, पाटावर आम्ही दोघं बसतो," धाकटा भाऊ म्हणाला. वा रे वा! मुलगी माझी आणि दान हा करणार! टपूनच बसला होता मेला.

डॉक्टरच्या औषधानं काडीचा फरक पडला नाही. बायको म्हणाली, "अहो, परदेशीपुऱ्यात एक पहिलवान आहे, मिलवाल्यांची हाडं बसवतो." गेलो. त्यानं मला चटईवर पालथं घालून पाठीत गुडघा दाबला आणि काळ्या गोळ्यांची पुडी दिली.

"यात काय आहे?"

"जड़ीबूटी है साब, और क्या!"

कोणती, म्हटलं तर नुसता हसला. मी वास घेतला. लवंग आणि हिंगाचा नुसता भपकारा. बरं लक्षण नव्हतं, पण पोरीसाठी गिळली.

तिसऱ्या दिवशी मी मांडी घालून जेवलो. एवढंच नाही, चहा गार आला तरी ओरडलो नाही. भाऊ आला तर "ये रे, बैस" म्हणालो! बायको हसून म्हणाली, "पहिलवानानं स्वभावही ठिकाणावर आणला की!" तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. इतका सुखी मी जन्मात कधी नव्हतो. दुपारी स्वयंपाकघरात कोणी नाहीसं बघून मी एक गोळी शेगडीच्या निखाऱ्यावर टाकली. आधी लवंग जळाली, आणि मग तो वास आला, जो तीस वर्षं माझ्या कपड्यांतून घरी यायचा. अफू! चण्याएवढ्या अफूसाठी मी लोकांना हवालात दाखवली होती.

लग्नाला चार दिवस होते. गोळ्या बंद केल्या. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना, आणि भाऊ विचारायला आला, पाटावर बसताना सोवळं कोणतं नेसू? तो गेल्याबरोबर मी गोळी घेतली. लग्नाच्या दिवशी दोन घेतल्या.

बसलो. ताठ बसलो. पोरीच्या हातांवर पाणी सोडलं, काही म्हणता काही दुखलं नाही. पाठवणीला बायको रडत होती, भाऊ उपरण्यात तोंड खुपसून रडत होता. पोर पाया पडली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला कळत होतं, आता रडायचं असतं. येईचना. मी हसून म्हणालो, "सुखी राहा," आणि टांगेवाल्याला चहा दिला का ते विचारलं.

गोळ्या दुसऱ्या दिवशी मोरीत टाकल्या. दोन दिवसांनी कळ परत आली आणि रडूही आलं. घरच्यांना वाटलं, कंबर दुखतेय.

दिवाळसणाला पोर आली. वाढता वाढता हळूच म्हणाली, "बाबा, काकासुद्धा रडले. तुम्ही नाही रडलात."

मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी कंबर इतकी दुखत होती, कशात लक्षच नव्हतं."

माझा संशयी स्वभाव तिच्यात उतरलेला नाही. तिला ते लगेच खरं वाटलं, आणि ती माझ्यासाठी उशी आणायला उठली.