पांढऱ्या पिल्लांचे डोळे

२००५च्या दिवाळीत हैदराबादहून मामा वसमतला आले, ते हॅमस्टरची जोडी घेऊन. आई म्हणाली, घरातले उंदीर कमी होते का... आणि आठवड्याभरात तीच त्यांच्यासाठी सूर्यफुलाच्या बिया बाजूला काढून ठेवायला लागली.

मी तेव्हा बी.एस्सी.ला होतो, म्हणजे जगातलं सगळं मला कळत होतं. हा प्राणी एकटा राहणारा. जोडी संध्याकाळी घटकाभर एकत्र सोडायची आणि भांडायला लागली की वेगळी करायची, एवढं मी शिकलो. वर्षभरात सहा पिंजरे झाले. गल्लीत माझं नाव 'उंदीरवाला' पडलं आणि मला त्याचं कौतुकच होतं.

माझा जीव मात्र रंगावर. नांदेडच्या एका दुकानातून मी एक नर आणि एक मादी आणली. दोघंही पांढरी, अंगभर राखाडी शिंतोडे. मला त्यांच्यापासून एकही डाग नसलेलं पांढरंशुभ्र पिल्लू हवं होतं.

आमच्या घरी हळदीचं पीक. बेण्यासाठी वडील चांगल्यातले चांगले गड्डे निवडायचे, आणि जसं बेणं तसंच पुढचं पीक यायचं. मी तोच हिशेब इथं लावला... देखणं देखण्याला लावलं की पिल्लं आणखी देखणी.

शेजारी राठोडकाका राहायचे. जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते, मूळचे डोंगरकडा गावाजवळच्या तांड्यावरचे. बैलांची पारख त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांची. माझी जोडी बघून त्यांनी पहिलं विचारलं, "हिची माय कोण, बाप कोण?" मला कुठलं माहीत...

"मंग नुसता रंग बगून लावू नको," काका म्हणाले. "एक शिंतोड्याचं घे अन् दुसरं साधं तपकिरी घे. कोणाचं कोण, ते वहीत लिहून ठेव."

मी हो हो म्हणालो. मनात म्हटलं, बैलाची अक्कल उंदराला काय कामाची! आणि शिंतोड्यांची दोघंच एकत्र सोडली.

नऊ पिल्लं झाली. अंगावर लव आली तशी त्यातली तीन पांढरीशुभ्र निघाली. मी गल्लीभर सांगून आलो.

पंधराव्या दिवशी बाकी सहांचे डोळे उघडले, या तिघांचे नाहीत. सोळावा दिवस, सतरावा दिवस... मी कोमट पाण्यात कापूस बुडवून पापण्या पुसत राहिलो. पापणीखाली डोळाच नव्हता.

दोन लवकरच गेली. एक वर्षभर जगलं, वासावर दाणा शोधत फिरायचं. काकांना मी काही बोललो नाही. आपलं नशीब खराब, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर त्यांना विचारायची लाज वाटत होती.

त्याच पिल्लांतली एक शिंतोड्यांची मादी मी काकांच्या नातीला, सविताला दिली. ती आठवीत होती, शाळेसाठी आजोबांकडे राहायची. तिनं खूप जीव लावला. रोज ताजं पाणी, रविवारी पिंजरा धुणं, आणि वहीत तारीख घालून वजन... जे मला जमलं नव्हतं ते सगळं ती करायची.

चार-पाच महिन्यांनी ती मादी घेऊन आली. "दादा, हिला पिल्लं व्हायला पायजेत." माझ्याकडे साधा तपकिरी नर होता, हाताशीच होता. तरी मी शिंतोड्यांचा नर काढला. त्या मादीचा बापच तो. एखादं तरी पांढरं पिल्लू डोळ्यांसकट होईल, ही हाव.

सात पिल्लं झाली. त्यात दोन पांढरी, बिनडोळ्यांची. सविता खोकं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "दादा, मी काही चुकीचं खाऊ घातलं का?"

दोष खाण्याचा नाही, मी लावलेल्या जोडीचा, हे त्या क्षणी मला कळलं होतं. तरी तोंडातून निघालं, "कोबी जास्त झाला असेल."

ती खोकं छातीशी धरून परत गेली.

दुसऱ्या दिवशी काका आले. रागावले असते तर बरं झालं असतं. "पोरगी जेवून न्हाई राहिली," ते म्हणाले. "मी तिला काही सांगितलो न्हाई. तूच सांग." मी म्हणालो, सांगतो.

आज सांगू, उद्या सांगू करता करता परीक्षा झाल्या. काका रिटायर होऊन तांड्यावर गेले, सविताही गेली. जाताना तिनं मादी परत आणून दिली, स्वच्छ धुतलेल्या पिंजऱ्यात. पुढे सायबर कॅफेत वाचलं की अशी दोन शिंतोड्यांची एकत्र कधीच लावायची नसतात, त्यांची पांढरी पिल्लं बिनडोळ्यांचीच निघतात. काकांना ते न वाचताच माहीत होतं. मी जोड्या लावणं बंद केलं... पिंजरे एकेक करून रिकामे झाले.

काका वारूनही आता बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात डोंगरकड्याला एका लग्नात सविता भेटली. तिची लेक सशासाठी हट्ट धरून बसली होती. सविता हसत तिला म्हणाली, "नको माय, माझ्या हाताला जनावर लाभत न्हाई."

मी हातातला घास खाली ठेवला. तिथंच पंगतीत बसून मी तिला सगळं सांगितलं. काकांनी काय बजावलं होतं, मी कोणता नर काढला, आणि दारात तिच्याशी खोटं कसं बोललो.

तिनं लेकीला खेळायला पाठवलं. मग म्हणाली, "आजोबा नेहमी म्हणायचे, दादाला एकदा पुन्हा विचार. मीच आले न्हाई. वाटलं, तुमी पुन्हा माझीच चूक सांगाल."

डोळे नसलेली पिल्लं माझ्या अडाणीपणानं जन्मली, त्याचं वाईट वाटतंच. पण सगळं कळत असताना मी एका लेकराला तिच्याच हातांवर संशय घ्यायला लावला... त्यासाठी कुठली माफी मागायची, ते मला अजून सुचलेलं नाही.