ताईंनी धरलेलं पातं

साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की चर्चमध्ये आम्हा पोरापोरींचा वर्ग घेणाऱ्या ताई आठवतात; त्या नसत्या तर मी आज तुरुंगात असते. पारगावला आम्ही ऊसतोडीला होतो. बापानं उसाच्या दांडक्यानं आईचं तोंड फोडलं, तेव्हा मी धार लावलेला कोयता घेऊन त्याच्यावर धावले. मला वर्गाला न्यायला आलेल्या ताई मधे पडल्या. तोडणीतलं माणूस कोयता अडवायला मनगट धरतं, त्यांनी पातंच धरलं. "सोडा ताई! तुमचा येशू कुठं व्हता इतका येळ?" मी ओरडले. त्यांच्या बोटांतून रक्त गळत होतं. "मला न्हाई माहीत, पोरी. पन मी सोडनार न्हाई." माझीच मूठ सुटली. शाळा कधीच सुटली होती, पण विश्वास ठेवायला मी त्या दिवशी शिकले. आता लांब परमुलखात राबते. ताईंची दोन बोटं अजून वळत नाहीत म्हणे. त्या आता थकल्यात; मी पोचेपर्यंत उशीर होईल, अशी धास्ती वाटते. पण ताई, मी येईन, तुमचं पाणी भरीन, भाकरी थापीन.