‘वीकन’चा अर्थ

टायफॉइडमधून मी नुकतीच उठत होते. उशाशी बसून सासूबाई त्यांच्या इंग्रजीच्या वर्गाचा अभ्यास करत होत्या.

“अगं, ‘वीकन’ म्हणजे काय?”

“शक्ती कमी होणे, आई.”

“आणि वाक्यात कसं वापरायचं?”

विचार करत मी चमचा उचलला, तर हात थरथरला आणि पेज चादरीवर सांडली. मला रडूच आलं. आजवर मी कुणाला पेलाभर पाणीही मागितलं नव्हतं.

सासूबाईंनी पुस्तक मिटलं, चमचा घेतला. “राहू दे ते वाक्य. आ कर.”

माझी आई गेल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. शक्ती जाते तेव्हा माणसाला काय मिळतं, ते त्या शब्दाच्या अर्थात कुठेच नाही. कोमट पेजेचा घास गिळताना वाटलं, बरं झालं हात थरथरला.