अमेरिकेतल्या म्हाताऱ्याचं सुतक

थोरल्या मुलीचं लग्न चार-पाच दिवसांवर आलं होतं. अमरावतीहून कापसाची गाडी घेऊन आलेला गाडीवान आमच्या ओट्यावर बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि मग सांगता झाला, की आमच्या मेहुण्यांना सुतक आहे, ते लग्नाला येणार नाहीत.

बायकोच्या हातातलं सूप खाली पडलं. माहेरी कोण कोण आजारी आहे ते तिनं मनातल्या मनात चाळलं असावं. कोण गेलं, असं तिनं रडत विचारलं.

"घरचं कोनी नाही, माय," गाडीवान म्हणाला. "अमेरिकेचे कोनी हायत म्हने. म्हातारे होते."

बायको रडायची थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. मी अंगरखा चढवला आणि बैल जुंपायला सांगितलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. अमरावतीजवळ त्यांची काळी जमीन. बायको तरुणपणीच गेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. आमची ही मुलगी लहानपणी अकोल्यापेक्षा त्यांच्याकडेच जास्त राहिली. पुढे अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की लोक ज्वारीच्या वावरातही सरकी लावू लागले. बाकीच्यांनी भाव घेतला आणि घरी गेले. मेहुण्यांनी त्या भावात घरावर कौलं चढवली, पण त्यांना प्रश्न पडला, की ती माणसं भांडतात कशासाठी.

खरेदीदार साहेबाच्या कचेरीत एक कारकून होता. मुंबईहून आलेली वर्तमानपत्रं साहेबाची वाचून झाली की त्याच्या हाती यायची. त्यानं मेहुण्यांना सांगितलं, की तिकडे माणसं विकत घेऊन त्यांच्याकडून कापूस वेचून घेतात, भांडण त्यावरूनच आहे. त्या मुलखाची एक मोठी सभा आहे. तिच्यात एक म्हातारा सभासद आहे आणि तो तीस वर्षं उठून एकच गोष्ट मागतो आहे, की हे बंद करा. तो बोलायला उभा राहिला की बाकीचे सभासद विड्या ओढायला बाहेर जातात. हा रिकाम्या बाकांपुढे पूर्ण बोलतो आणि खाली बसतो. एका कानानं बहिरा, म्हणून पहिल्या बाकावर. एकदा लोकांनी त्याला पाडलं, तेव्हा घरी जाऊन त्यानं कुंपण दुरुस्त केलं आणि पुढच्या खेपेला परत निवडून आला.

एवढं ऐकलं आणि मेहुणे कामातून गेले. दर बाजाराला कापूस असो वा नसो, ते कचेरीच्या पायरीवर हजर. दिवाळीला आमच्याकडे आले की फराळापेक्षा तो म्हाताराच जास्त. तिथं दर दोन वर्षांनी लोकांना विचारतात, हाच हवा का दुसरा, असं त्यांनी सांगितलं. मी हिशेब केला: म्हणजे पंधरा वेळा लोकांनी याला पाठवलं आणि पंधराही वेळा काम झालं नाही. शिवाय कारकुनाचे आकडे जुळत नव्हते. म्हातारा कधी पंचविशीत निवडून आलेला असे, कधी चाळिशीत. चाळिशी खरी धरली आणि मधली पडलेली दोन वर्षं मिळवली तर आता त्याचं वय बहात्तरच्या आत येत नाही, हे मी दाखवून दिलं. मेहुण्यांनी शांतपणे विचारलं, सभेत बसायला वय लागतं का. अशा माणसाशी काय बोलावं?

आणि आता तो गेला होता.

मूर्तिजापूरला बैल बदलून मी अमरावतीला पोचलो. मेहुणे पडवीत घोंगडीवर बसलेले, दाढी वाढलेली, अंगावर एकच पंचा. मी पायरी चढताच त्यांनी हात वर केला.

"शिवू नका, जवाईबापू."

मी खालीच बसलो आणि मुद्द्याचं बोललो. मामा पाठीशी उभा राहिल्याशिवाय आमच्यात मुलगी बोहल्यावर उभी राहत नाही. मुलाकडचे बार्शीटाकळीचे आहेत आणि आधीच बारीक नजरेचे आहेत. मामा आला नाही तर ते विचारतील, मुलीच्या आईच्या घराण्यात काय खोट आहे, की सख्खा मामा तोंड लपवतो? त्यांना मी काय अमेरिका सांगू? लग्न मोडलं तर पुढचा मुहूर्त पावसाळ्यापलीकडे आहे, आणि मोडलेल्या लग्नाच्या मुलीला मुहूर्त कोण विचारतो?

मेहुण्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, पोरीसाठी जीव तुटतो, पण सुतकात मंगलकार्याला उभं राहून तिचं वाईट कसं करू?

मग मी शास्त्राला हात घातला. त्याचं गोत्र कोणतं, असं विचारलं. शेतकऱ्याचा मुलगा होता, असं उत्तर मिळालं. मी म्हटलं, ही बातमी आगबोटीनं आली, माणूस जाऊन दोन महिने होऊन गेले. इतक्या उशिरा कळलं तर सख्ख्या भाऊबंदाचंही सुतक तीन रात्रीच. हा तर परका. परक्याला नुसती आंघोळ, ती तुम्ही बातमी आली तेव्हाच केलीत.

"परका कसा?" ते म्हणाले. "घरावर कौलं चढली ते कोनाच्या बोलन्यानं?"

"तुमच्या कापसानं, दादा."

"कापूस तं मी आधीपासून पिकवून राहिलो. तवा काहून नाही चढली?"

मी आणखी चिडलो. भटजींना बोलावणं पाठवलं. भटजींना मेहुण्यांची दक्षिणाही हवी होती आणि माझ्या मुलीच्या लग्नाचीही. ते म्हणाले, समुद्रापलीकडच्या माणसाविषयी पोथीत स्पष्ट असं काही नाही, ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर आहे. मी त्यांना म्हटलं, श्रद्धेवर सोडायचं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?

मेहुणे घोंगडीच्या दशा ओढू लागले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याले लेकरू नव्हतं, जवाईबापू. बायको बी नव्हती. सारा जलम दुसऱ्याच्या लेकरायसाठी बोलला. त्याच्या नावानं आंघोळ कोन करीन?"

गोठ्यात बैल शेपट्या हलवत होते. मला तिथून निघायचं होतं, मांडवाचे बांबू अजून आले नव्हते, आचारी कबूल झाला होता पण त्याचा भरवसा नव्हता. मी भटजींना विचारलं, मामा गेला तर भाचीला सुतक किती.

"पक्षिणी," भटजी म्हणाले. या प्रश्नाचं उत्तर पोथीत होतं, त्यामुळे त्यांना हायसं वाटलेलं दिसलं. "म्हणजे दीड दिवस."

मेहुण्यांनी मान वर केली. "लगन झालं तरी?"

"झालं तरी."

"सासरी असली तरी?"

"कुठंही असली तरी."

ते विचारात पडले. "दीडच काय?"

"दीडच," मी म्हणालो. "पण नक्की. त्या म्हाताऱ्यासारखं श्रद्धेवर नाही. आता उठा, आधी तिचं लग्न लावू, म्हणजे सुतक धरायला ती कुण्या घरची तरी असेल."

बोलायला नको होतं ते बोललो, असं वाटलं. पण मेहुणे हसले. उठले, गड्याला विहिरीवर मोट नको, दोन घागरी काढ म्हणाले. आंघोळीला बसता बसता त्यांनी मला सांगितलं, तुम्हीही करा. मी वाद घातला नाही. ज्याचं नाव मला नीट उच्चारता येत नव्हतं त्या माणसासाठी, भर वैशाखात, वाटेच्या धुळीसकट मी आंघोळ केली आणि ओल्या धोतरानं गाडीत बसलो. मेहुणे वाटेत न्हाव्याकडे थांबले. तिथंही त्या न्हाव्याला त्यांनी म्हाताऱ्याची पहिली निवडणूक सांगितली आणि मी झाडाखाली बैलांच्या माश्या हाकत उभा राहिलो.

लग्न लागलं. मुलगी पाटावर उभी होती आणि तिच्या मागे मेहुणे, नवं पागोटं घालून. मंगलाष्टकं संपेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, हे मी मुद्दाम पाहिलं. पण पंगत बसली आणि त्यांना व्याह्यांच्या शेजारची जागा मिळाली. मी बुंदीवर लक्ष ठेवून होतो, तेवढ्यात त्यांचं सुरू झालं. वरण झालं, भात झाला, तरी व्याही उठेनात, म्हणून त्यांची सगळी पंगत उठेना, आणि पुढची पंगत उन्हात उभी. रिकाम्या बाकांपर्यंत गोष्ट आली होती, अजून कुंपण यायचं होतं.

अखेर हात धुताना व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. बारीक नजरेचा माणूस. त्यांनी आवाज उतरवून विचारलं, "ते अमेरिकेचे, नुकतेच वारले म्हनतेत ते. तुमच्या नात्यातले काय?"

मागे उन्हात लोक ताटकळत होते.

"हो," मी म्हणालो. "सासरकडचे."