तो, ती की ते?

दोन जूनला बाईंच्या हातात शेवटचा पगार पडला : चौदा हजार तीनशे बारा रुपये. बावीस वर्षं त्यांनी बसस्थानकाच्या काचेच्या खोलीतून गाड्या पुकारल्या होत्या. आता ते काम रेकॉर्ड केलेल्या आवाजाकडे गेलं. बाईंचा आवाज जाडाभरडा. आगारात त्यांना भोंगा म्हणत आणि चौकशीच्या फोनवर निम्मे लोक "ओ दादा, गाडी लागली का?" असं विचारत. "दादा नाही, बाई आहे," हे सांगून सांगून त्या इतक्या कंटाळल्या की पुढे पुढे नुसती वेळ सांगून फोन आदळत.

धाकटा दीर संगणकावर एक गाव चालवायचा. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. 'दार उघड' असं टाइप केलं की 'तू दार उघडलंस' असं उत्तर यायचं आणि पलीकडे काय आहे ते वाचायला मिळायचं. माणसं आपापल्या घरी बसून तिथे भेटत, गप्पा मारत, वस्तू बनवत.

"वहिनी, गावात बसस्थानक नाही. तुम्हीच बांधा," दीर म्हणाला.

आवाजच नाही म्हटल्यावर बाई हौसेने कामाला लागल्या. नवी वस्तू बनवताना यंत्र आधी विचारायचं : तो, ती की ते? बाईंनी घंटा बनवली, 'ती' लिहिलं आणि 'घंटा वाजव' असा हुकूम सोडला.

'तू घंटा वाजवलीस. तिघांनी माना वर केल्या.'

वाजवलीस! न सांगता ओळखलं की मेल्याने! बाई खूश. मग त्यांनी बाक बनवला, फळीवरचे ओरखडेसुद्धा लिहिले आणि त्यावर बसल्या.

'तू बाकावर बसलास.'

त्या उठल्या, पुन्हा बसल्या. पुन्हा बसलास. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला : मघाची ती 'लीस' घंटेची होती, आपली नव्हतीच. तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक दिराच्या घरी गेल्या.

"भाऊजी, तुमचं गाव मला बसलास म्हणतंय."

"सगळ्यांनाच म्हणतं. प्रोग्रॅमला काय कळतंय, कोण बसलंय?"

"घंटा बाई आहे ते बरं कळलं!"

"ते तुम्ही सांगितलंत म्हणून."

"मग मला विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं! बाकाची चौकशी करता, तिकिटाची करता, आणि माणूस आला की तोंड शिवलेलं?"

"दोन अक्षरांवरून कशाला डोकं तापवता, वहिनी?" दीर हसला.

तो हसला तिथेच बिघडलं. "आठ दिवस तुम्हाला सगळ्यांनी 'आलीस का गं, निघालीस का गं' विचारू दे. मग हसा."

घरी येऊन बाईंनी एकेक वस्तू मोडायला घेतली. बाक, घड्याळ, पाण्याची टाकी. 'तू घंटा मोडलीस,' यंत्राने कळवलं. "गप बस!" बाई पडद्यावर ओरडल्या. ओसाड स्थानकात त्यांनी एकच पाटी ठेवली : 'बसायला बाक हवा असेल तर मालकाला व्याकरण शिकवा.'

पाटीखाली एका बाईने लिहिलं, 'मला पाच वर्षं आलास म्हणतंय.' मग दुसरीने. मग सगळ्यांनी मालकाला धरलं. चौथ्या दिवशी दीर दारात.

"वहिनी, बाक परत ठेवा हो. लोक मला खातायत."

"आधी वेशीवर माणसाला विचारा. तो, ती की ते."

"ज्याने प्रोग्रॅम लिहिलाय तो बदलायचे सहाशे मागतोय."

"मी कोण ते विचारायला मीच पैसे मोजू?"

"निम्मे निम्मे करू. आत्ता सगळे तुम्ही द्या, माझे मी नंतर देतो."

बाईंनी दातओठ खात सहाशे रुपये टेबलावर आपटले. आठवड्याने वेशीवर प्रश्न आला. बाईंनी 'ती' लिहिलं, बाक पुन्हा बनवला आणि बसल्या. 'तू बाकावर बसलीस.' वाचून त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. हे पहिल्याच दिवशी फुकट व्हायला हवं होतं, असं त्या अजूनही भेटेल त्याला ऐकवतात.

दिराने दोनशे दिले. शंभर येणे आहे.